जुन्या मापाचं काम

“रुमालात गुंडाळला म्हणजे आधी पुसलाही असेल,” कवळीबाई म्हणाली. “खसाखसा. बूट पुसतात तसा.”

“मला काय माहीत? मी होतो का तिथे?” नवरा म्हणाला.

सरांनी फोनवर सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तेवढं तीन दिवसांत त्याचं तीसदा सांगून झालं होतं. सोमवारी संध्याकाळी हॉकीचा सराव चालू असताना दुसऱ्या एका मुलीची काठी वर आली आणि या दोघांच्या मुलीच्या, भिंगरीच्या तोंडावर बसली. वरचा, पुढचा एक दात मुळासकट बाहेर पडला. सरांनी तो मातीतून उचलून रुमालात बांधला, ओठ दाबून धरून रक्त थांबवलं, मग क्लबच्या खोलीची किल्ली शोधली, मग फोन केले, मग गाडी मिळवली. दात दवाखान्यात पोचला तेव्हा सव्वा तास उलटला होता आणि तो खडूसारखा कोरडा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी तो स्वच्छ करून परत जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला आणि काही न लपवता सांगितलं. तार दोन आठवड्यांनी निघेल. दात पुढे टिकेल, पण किती वर्षं, ते कुणी सांगू शकत नाही. मूळ इतका वेळ कोरडं राहिलं की शरीरच ते हळूहळू खाऊन टाकतं. लगेच दुधात टाकला असता तर गोष्ट वेगळी होती.

कवळीबाई ओट्याशी उभी राहून मुलीसाठी पाव दुधात कुस्करत होती. ज्या जोरानं ती कुस्करत होती, तेवढा काही पावाचा अपराध नव्हता.

“एक कप दूध,” ती म्हणाली. “मैदानाच्या फाटकाशी चहाचं दुकान आहे. तिथून एक कप दूध मागून आणायला कुठली पदवी लागते?”

नवऱ्याचं म्हणणं, झालं ते झालं. आता सरांच्या नावानं बोटं मोडून दात काही मागच्या तारखेला जाऊन दुधात पडणार नाही. मुलीचं नाव क्लबातून काढून घ्यायचं आणि विषय संपवायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलीही गोष्ट अडकली की आधी वीज बंद करायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. घरातही तो तेच करी.

“तुम्ही पट्टा न बांधता लिफ्टच्या विहिरीत उतरता का?” कवळीबाईनं विचारलं.

“ते काम आहे. हा खेळ आहे.”

“पडल्यावर हाडं विचारत नाहीत, काम होतं की खेळ. पट्टा असतो म्हणून तुम्ही काम सोडत नाही ना? मग ती खेळ का सोडेल? तिच्या तोंडात दात वाचवायचा गार्ड होता. मी करून दिलेला. त्या माणसानं तो काढायला लावला.”

हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. त्याला पुरावा एकच. मागे कधीतरी नवरा मुलीला आणायला गेला असताना त्यानं सरांना ओरडताना ऐकलं होतं, की तोंडातले बोळे काढा आणि एकमेकींना नीट हाका मारा. ते नवऱ्यानं तेव्हा जेवताना गंमत म्हणून सांगितलं होतं. आता त्याला त्या गमतीचा पश्चात्ताप होत होता.

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, की त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. पोरीच्या जातीला काठ्या घेऊन धावायचं काय अडलंय. नणंदेनं सकाळीच फोन करून बुद्धिबळ सुचवलं होतं. त्यात कुणाचे दात पडल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

भिंगरी दाराआड उभी होती. बारा वर्षांची, काटकुळी, एका जागी कधी न ठरणारी, म्हणून भिंगरी. ओठ सुजून वर आलेला, त्यामुळे चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. तीन दिवसांत ती मोजकंच बोलली होती, आणि त्यात एकच प्रश्न होता. डाव्या बगलेवर तिच्या जागी कुणाला घेतलं?

“मी आज जाणार आहे मैदानावर,” कवळीबाई म्हणाली.

“तमाशा नको,” नवरा म्हणाला.

“तमाशा तुमच्या त्या सरांनी केलाय. मी फक्त तिकिटाचे पैसे परत मागायला जाते.”

गल्लीत तोंडावर तिला सगळे वहिनी म्हणत आणि पाठ फिरली की कवळीबाई. तिला ते माहीत होतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. गल्लीतले निम्मे म्हातारे तिनं केलेल्या दातांनी जेवत होते.

एकोणिसाव्या वर्षी ती दातांच्या लॅबमध्ये झाडलोट करायला लागली. लॅब म्हणजे दुकानांच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरची पोती, दुसरीत लांब टेबल, त्यावर छोटे दिवे, छोटी भट्टी, कानस, ब्रश. दवाखान्यांतून रोग्यांच्या दातांची मापं यायची. लगद्यात उमटलेला जबड्याचा ठसा, त्यात प्लास्टर ओतायचं, सुकलं की हातात जबड्याची हुबेहूब प्रतिकृती. तिच्यावर पुढचं सगळं काम. तिथे एक मास्तर होते. ते स्वतःच्या तोंडातले दात कमी झाले तरी स्वतःसाठी कवळी करून घेत नसत, वेळ नाही म्हणत. झाडताना ही पोर झाडू थांबवून बघत उभी राहते हे त्यांनी पाहिलं आणि एक दिवस तिच्या हातात कानस दिली.

“दात खोटा असला तरी तोंड खरं असतं,” ते म्हणाले होते. एवढंच शिक्षण. बाकीचं तिच्या बोटांनी शिकून घेतलं.

आता बावीस वर्षं झाली होती. मास्तर गेले, मालक बदलले, टेबलाच्या टोकाची मास्तरांची खुर्ची तिची झाली. तिच्या हाताखाली तीन मुली होत्या आणि तिघी तिला घाबरून असत. घाबरण्यासारखंच होतं. माप नीट आलं नसलं, कडेला फुगा आला असला, लगदा ओढला गेला असला, तर कवळीबाई ते काम हातात धरत नसे. डबीवर चिठ्ठी चिकटवून डॉक्टरकडे परत. माप सदोष. काम होणार नाही. मोठमोठ्या डॉक्टरांचे तिला फोन येत, काहींचे रागावून, आणि ती ऐकून घेऊन पुन्हा तेच म्हणे, की तुम्ही दहा मिनिटं वाचवलीत ती त्या म्हातारीच्या हिरडीतून वसूल होणार. शेवटी डॉक्टरच नमत. पुष्कळ डॉक्टर लॅबमध्ये काम देताना मालकाला विचारत, त्या रागीट बाई आहेत ना अजून? मग त्यांच्याकडेच द्या.

राग हा तिच्या कामाचाच एक भाग होता. हत्यारासारखा. धार लावून ठेवलेला.

मागच्या दोन-तीन वर्षांत लॅबमध्ये खेळाडूंचे गार्ड येऊ लागले होते. मुष्टियुद्धाचा एक आखाडा, एक रग्बीचा संघ. जबड्याच्या प्रतिकृतीवर जाड, मऊ प्लास्टिकची चकती तापवून ठेवायची. यंत्र खालून हवा ओढून घेतं आणि चकती दातांवर कातडीसारखी बसते. मग कापायची, कडा घासून गुळगुळीत करायच्या. दुकानात मिळतात ते गार्ड गरम पाण्यात घालून चावायचे असतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण कवळीबाईच्या मते ते तयार कपड्यांसारखे. झाकतात, पण बसत नाहीत. भिंगरी हॉकीला जायला लागली तेव्हा तिनं मुलीसाठी लाल चकती आणवून गार्ड केला होता. आणि चार बायकांना सांगितलंही होतं, की माझ्या मुलीच्या तोंडात काय आहे ते या गावात दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या तोंडात नाही.

संध्याकाळी ती मैदानावर गेली तेव्हा सराव नुकताच सुरू होत होता. तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहून मुलीला घेऊन जायची तिला सवय होती. फाटकातून आत ती पहिल्यांदाच शिरली. सर तिशीतले, उन्हानं रापलेले, गळ्यात शिट्टी. तिला बघताच ते स्वतःच पुढे आले, आणि भिंगरी कशी आहे असं विचारलं. त्यानं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता विचारतोय.

तिनं बोलायला सुरुवात केली ती न थांबता. दात पडला तर मुळाला बोट लावायचं नाही, वरून धरायचा, मातीचा असेल तर हलकेच पाण्यानं विसळायचा, जमलं तर तिथल्या तिथे परत बसवायचा, नाहीतर दुधात टाकायचा आणि धावत सुटायचं. पहिला अर्धा तास सोन्याचा. हे तुम्हाला माहीत नाही? मुलांच्या हातात काठ्या देता आणि हे माहीत नाही? बाजूला उभ्या मुली आधी गप्प झाल्या आणि मग हळूहळू लांब सरकल्या.

तिचं संपल्यावर सर म्हणाले, की नव्हतं माहीत. कुणी सांगितलं नव्हतं. पाय मुरगळला, डोकं आपटलं, ऊन लागलं, याचं शिक्षण दिलं होतं, दाताचं नाही.

“आणि गार्ड काढायला लावलात ते? तेही कुणी शिकवलं नव्हतं?”

सरांना आधी कळलंच नाही. मग आठवलं. ते म्हणाले, की ते एका गोलरक्षक मुलीला म्हणाले होते, तेही सरावाच्या आधी, नुसतं पळताना. ती तोंडात घालून बोलायची आणि कुणाला काही समजायचं नाही. भिंगरीला काढ म्हणायचा प्रश्नच कुठे होता?

“का? तिच्यावर विशेष मेहेरबानी?”

“काकू, ती घालतच नाही.” सर म्हणाले. “तुम्हाला माहीत नाही? सुरुवातीला दोन-तीनदा घातला. मग मोज्यात ठेवायला लागली. सोमवारीही मोज्यातच होता.”

कवळीबाईचं उगारलेलं बोट खाली आलं. हे बहुधा बावीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

सर तसे गरीब स्वभावाचे असावेत, पण इतका वेळ ऐकून घेतल्यावर त्यांनाही काही म्हणायचं होतं. त्यांनी मैदानाकडे हात केला. सोळा मुली आहेत. चौघींकडे दुकानातला गार्ड आहे, अकराजणींकडे काहीच नाही. एकीकडे खास बनवलेला होता आणि तो मोज्यात होता. मी कुणाला घाला म्हणून बजावलं नाही, ही माझी चूक. मी ती कबूल करतो.

“पण तुम्ही दातवाल्या,” ते म्हणाले. “चार महिने रोज त्या कुंपणापलीकडे उभ्या राहता. एकदा आत येऊन सांगितलं असतंत, तर मी ऐकलं नसतं का?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं, अनेक होती, आणि घरी जाईपर्यंत तिनं ती एकेक करून मनात म्हणून पाहिली. त्यातलं एकही तिला स्वतःला पटलं नाही. त्यामुळे राग कमी झाला नाही. नुसता इकडून तिकडे फिरला आणि मुलीवर जाऊन बसला.

भिंगरी पलंगावर पाय आपटत पुस्तक वाचत होती. कवळीबाईनं कपाटातली तिची खेळाची पिशवी जमिनीवर उपडी केली. काठी, गुडघ्याचे पट्टे, मातीनं कडक झालेले मोजे. एका मोज्यात लाल गार्ड. त्यावर सालासारखी चिकटलेली माती.

“हे काय आहे?”

मुलीनं पुस्तक मिटलं. सासूबाई आपल्या खुर्चीतून मान लांब करून बघायला लागल्या.

“मी हातानं केलेली वस्तू तू मोज्यात घालून फिरतेस. आणि मी तिथे जाऊन त्या माणसाला नाही नाही ते बोलून येते. मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवलीस? जड होता? फॅशन नव्हती? कोण हसलं तुला?”

“टोचायचा,” भिंगरी म्हणाली.

तारेमुळे आणि सुजेमुळे शब्द जाडसर येत होते.

“इथे.” तिनं ओठावरून, डोळ्याच्या खाली येईल अशा सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना बोट ठेवलं. “घातला की दुखायचं. आणि मागून सुटा व्हायचा. धावताना पडायचा.”

“मग सांगायला काय दातखीळ बसली होती?”

“सांगितलं होतं. तू म्हणालीस नवा आहे, सवय होईल.” मग पुस्तकाच्या कव्हराकडे बघत, “तू सगळ्यांना सांगायचीस, माझ्या मुलीचा असा गार्ड कुणाकडे नाही. मग मी परत कशी सांगणार?”

कवळीबाई गार्ड हातात घेऊन उभी राहिली. मुलीला तिनं तोंड उघडायला सांगितलं. तारेला धक्का लागू नये म्हणून फार उघडू नको, असंही सांगितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. जिथे मुलीनं बोट ठेवलं होतं, तिथे दोन्ही बाजूंना सुळे होते. नवे, टोकदार, अर्ध्याहून जास्त खाली आलेले. गार्डमध्ये त्यांच्यासाठी जागाच नव्हती. गार्डमध्ये तिथे दोन बुटकी, झिजलेली खोबणी होती, दुधाच्या दातांची.

तिनं गार्ड पुसून आपल्या पिशवीत टाकला. पाव दुधात भिजवून झाकून ठेवलाय एवढं सांगितलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचली. मागच्या खोलीत, पोत्यांच्या वर, एक फळी तिची स्वतःची होती. तिथे भिंगरीच्या जबड्याच्या प्रतिकृती ओळीनं ठेवलेल्या होत्या. सहाव्या वर्षापासून दरवर्षी एक, मागची एक राहून गेलेली. डॉक्टरीणबाई तपासणीच्या वेळी माप घेत आणि ती ते स्वतः ओतत असे. लोक मुलांचे फोटो काढतात, तिनं जबडे ठेवले होते. प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीनं तारीख.

शेवटच्या प्रतिकृतीवर गार्डच्या यंत्राचा गोल वळ होता. गार्ड याच्यावर केलेला. तिनं ती उलटी केली. तळावरची तारीख गार्ड बनवला त्याच्या चौदा महिने आधीची होती.

तारीख तिच्याच अक्षरात होती, त्यामुळे वाद घालायला कुणी उरलं नाही.

तिला तो आठवडा सगळा आठवला. दोन मोठी कामं एकदम आली होती, एक मुलगी रजेवर होती. भिंगरी रोज विचारायची, आई झाला का, आई झाला का. नवं माप घ्यायचं म्हणजे डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायची, मुलीला घेऊन जायचं, लगेच ओतायचं, सुकू द्यायचं. अर्धा दिवस. आणि फळीवर जबडा तयार होता. घरचंच तर काम आहे. जेवणाच्या सुट्टीत तिनं चकती तापवली, बसवली, कापली. घरी मुलीच्या तोंडात जरा दाबून बसवला तेव्हा तो बसला, कारण ते प्लास्टिक मऊ असतं. ते कशावरही जरा दाबलं की बसल्यासारखं वाटतं. हेही तिला माहीत होतं. हाताखालच्या मुलींना तिनं हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं होतं. बाराव्या वर्षाच्या आसपास तोंडात रोज काहीतरी हलत असतं, वाढत्या मुलाचं माप महिन्या-दोन महिन्यांपेक्षा जुनं चालायचं नाही, आणि गार्डही दर मोसमाला नवा लागतो. याच टेबलावर, याच खुर्चीत बसून, एका डॉक्टरचं सहा महिने जुनं माप तिनं चिठ्ठी लावून परत पाठवलं होतं. माप जुने. काम होणार नाही.

परक्याच्या मुलासाठी पाठवलं होतं परत. स्वतःच्या मुलीसाठी चालवून घेतलं.

सर चुकले होते, त्यात शंका नव्हती. रुमालाचा राग तिनं सोडला नाही. पुढेही सोडणार नव्हती. पण रुमालापर्यंत गोष्ट गेलीच का, याचं उत्तर तिच्या हातात होतं, पांढरं, कोरडं, तळहाताएवढं. दिव्याखाली अंधार म्हणतात, ते तिनं दुसऱ्यांबद्दल पुष्कळदा म्हटलं होतं.

हाताखालच्या मुली आल्या तेव्हा त्यांना वाटलं, आज काहीतरी फेकून मारणार. तिनं काहीही फेकलं नाही. दिवसभर काम केलं, आणि कामात एकदाही कुणावर ओरडली नाही. त्यामुळे मुली आणखीच घाबरल्या. दुपारी तिनं दोन फोन केले. पहिला डॉक्टरीणबाईंना. तो बराच चालला. आधी तिकडून नाही, मग बघते, मग रविवार हा माझा एकच दिवस असतो हो, आणि शेवटी बरं, असं झालं. दुसरा सरांना. तो अर्ध्या मिनिटात संपला. त्यात माफी नव्हती. सोळाही मुलींच्या आईबापांची संमती लिहून घ्या, एवढंच होतं.

घरी आली तेव्हा नवरा तिची वाट बघत टेबलाशी बसला होता. क्लबातून नाव काढून घेण्याचा अर्ज त्यानं लिहून आणला होता. खाली दोन्ही पालकांच्या सह्यांसाठी दोन रेघा. एका रेघेवर त्याची सही झालेली. पेन अर्जावर आडवं ठेवलेलं. नणंदही आलेली होती आणि सासूबाईंच्या शेजारी बसली होती, म्हणजे बैठक ठरवून होती.

कवळीबाईनं चपला काढल्या, हात धुतले, पाणी प्यायली. मग पिशवीतून प्लास्टरचा जबडा काढून अर्जाशेजारी ठेवला आणि त्यावर तो लाल गार्ड बसवला.

“बघा,” ती म्हणाली. “कसा बसलाय. जराही फट नाही. इतकं चांगलं काम मी वर्षभरात केलेलं नाही. फक्त हे तोंड आता तिचं नाही. गार्ड केला त्याच्याही चौदा महिने आधीचं आहे.”

तिनं कुणाकडे न बघता सगळं सांगितलं. जुनं माप, जेवणाची सुट्टी, दाबून बसवणं, मुलीनं टोचतंय म्हणून सांगणं, आणि आपण काय उत्तर दिलं ते. सुळे कुठे येतात ते तिनं जबड्यावर बोटानं दाखवलं. आवाज चढलेला नव्हता, पण नणंद खुर्चीत मागे सरकली.

नवरा जबडा हातात घेऊन फिरवत राहिला. त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो हिशेबानं बोलायला जाई. तो म्हणाला, की मग तर प्रश्नच मिटला. तुझ्यासारखीच्या हातून हे होतं, तर उद्या कुणाच्याही हातून होईल. म्हणून बंदच केलेलं बरं.

“लिफ्ट बंद पडली की लोक जिने चढतात,” नणंद म्हणाली. तिला वाटलं ती भावाची बाजू घेते आहे.

“लिफ्ट बंद पडली की मला बोलावतात,” नवरा तिला वैतागून म्हणाला, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

सासूबाईंनी जबड्याकडे बघत म्हटलं, की आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणी कुणाला बोलायचं. मग सुनेकडे बघून, “पण बाई, एक सांगते. लोकांच्या म्हाताऱ्यांना तू चार-चार वेळा बोलावून दात बसवून देतेस. आमच्याच पोरीला एकदा न्यायला जमलं नाही.”

यात टोमणा होता आणि तो अगदी बरोबर जागी लागला. एरवी कवळीबाईनं तो परत पाठवला असता, चिठ्ठी लावून. तिनं ठेवून घेतला.

भिंगरी दाराशी येऊन उभी राहिली होती. “आई, मी सही करायची का कुठे?” तिनं विचारलं. तिला वाटलं होतं, सगळं ठरलं. डोळे भरलेले होते, पण ओठ इतका दुखत होता की रडायचीही सोय नव्हती.

“तुला कुणी विचारलंय? खाली बस,” कवळीबाई म्हणाली. रागावूनच म्हणाली. प्रेमानं बोलायचं ठरवलं असतं तरी आज ते तसं निघालं नसतं.

नवऱ्यानं अर्ज हळूच तिच्याकडे सरकवला. तिनं त्यावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात अडकवलं.

“सही होणार नाही,” ती म्हणाली. “तार निघेल, डॉक्टरीणबाई हो म्हणतील, तिचं नवं माप होईल, आणि मग ती खेळेल. गार्ड तोंडात असेल तरच मैदानात, नाहीतर रेषेबाहेर. सरांनाही तेच सांगणार आहे. टोचला की त्याच दिवशी मला सांगायचं, आणि मी सवय होईल म्हटलं तर बापाला सांगायचं.”

“आणि बाकीच्या पोरी?” नवरा म्हणाला. तो हरला होता आणि आता निदान अडचणी तरी काढाव्यात असा त्याचा विचार दिसत होता.

“त्यांचंच सांगते. त्यांचेही गार्ड मी करणार. लॅब रविवारी बंद असते, आणि माप घेतलं की ते ताबडतोब ओतावं लागतं, नाहीतर आक्रसतं. घर मैदानापासून जवळ आहे. डॉक्टरीणबाई इथे येऊन मापं घेणार, मी ओतणार. पंधरा पोरी आहेत, भिंगरी सोडून. पाहुणे बोलावू नका, कुणी पडून राहू नका. येत्या रविवारी या घरात स्वयंपाक होणार नाही. सकाळी नऊला ओटा मला रिकामा पाहिजे.”